कारागृहांतील म्हातारपण

आमच्या गांवाचें नांव तळवली. ठाणें-बेलापूर रस्त्याला लागून, रबाळें आणि घणसोली यांच्या मध्यें, एके काळीं भातशेतें आणि खाडी यांच्या सोबतीनें राहणारें हें आगरी-कोळ्यांचें गांव आज सिडकोच्या इमारती आणि कारखाने यांच्या बेचक्यांत सांपडलें आहे. परगांवच्या माणसाला आम्हीं गांवाचें नांव सांगितलें कीं, पुष्कळ वेळां तो भिवया उंचावून विचारतो, "म्हणजे तें तुरुंगाचें ना?" तुरुंग आहे तो तळोज्याचा, तळवलीचा नव्हे. दोन्ही नांवांची सुरुवात 'तळ' या अक्षरांनीं होते एवढाच काय तो संबंध. विचारणाराची आम्ही समजूत घालतों कीं, तळोजें खारघरच्या पलीकडे, पनवेल तालुक्यांत. आमच्या गांवाहून तेथें जावयाचें तर तासाभराची वाट. आमच्याकडे तुरुंग नाहीं, शाळा आहे, देऊळ आहे, नाका आहे. हें सांगतांना आमच्या स्वरांत थोडी घाई असते असें घरच्या मंडळींचें म्हणणें आहे, आणि तें खोडून काढण्याजोगा पुरावा आमच्याजवळ नाहीं. तुरुंगाचा शेजार कोणालाच नको असतो. तो असावा, पक्का असावा, पण आपल्या पत्त्यांत त्याचें नांव येऊं नये, अशीच सर्व सभ्य गृहस्थांची इच्छा असते.

२०२० सालच्या हिवाळ्यांत मात्र या तळोज्याचें नांव एका साध्या पेल्यामुळें देशभर झालें. फादर स्टॅन स्वामी हे जेझुइट पंथाचे धर्मगुरु. जन्म तमिळनाडूंतला, १९३७ सालचा. परंतु आयुष्याचा मोठा भाग गेला तो झारखंडांत, आदिवासींच्या जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कांसाठीं. रांचीजवळच्या त्यांच्या निवासांतून ८ ऑक्टोबर २०२० रोजीं राष्ट्रीय तपास यंत्रणेनें त्यांना भीमा-कोरेगांव व एल्गार परिषद खटल्यांत अटक केली, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांची रवानगी तळोज्याच्या मध्यवर्ती कारागृहांत झाली. वय त्र्याऐंशी, हातांना कंप, कानांनीं ऐकूं येणें जवळजवळ बंद झालेलें. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशीं संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर होता, आणि त्यांनीं तो साफ नाकारला होता. त्या आरोपाचा खरेखोटेपणा ठरविण्याचें काम न्यायालयाचें. तें आमचें नव्हे, आणि या लेखाचा तो विषयही नव्हे. आमचा विषय पेल्याचा आहे.

कंपवाताच्या रोग्याला भरलेला पेला ओठांपर्यंत नेतां येत नाहीं. वाटेंतच निम्मा सांडतो. म्हणून तो नळीनें पितो, किंवा झांकण व तोटी असलेल्या पेल्यानें, ज्याला हल्लीं सर्वजण 'सिपर' म्हणतात. अटकेच्या वेळीं बरोबर असलेली आपली नळी आणि सिपर परत मिळावा असा अर्ज स्वामींनीं ६ नोव्हेंबर रोजीं विशेष न्यायालयांत केला. सुनावणीची पुढची तारीख पडली ती २६ नोव्हेंबर; म्हणजे वीस दिवसांनंतरची. त्या दिवशीं तपास यंत्रणेचें उत्तर आलें कीं, अशा वस्तु आपण जप्त केलेल्याच नाहींत. अर्ज निकालांत निघाला. मग नवा अर्ज. तोंवर ही वार्ता वर्तमानपत्रांतून पसरली होती, आणि ठिकठिकाणच्या लोकांनीं तळोज्याच्या पत्त्यावर टपालानें सिपर पाठविण्याचा सपाटा लावला होता. अखेर कारागृहानें त्यांना तो पेला दिला. बाजारांत ही वस्तु शंभर-दोनशें रुपयांस मिळते.

या साखळींतला एकही मनुष्य दुष्ट होता असें आम्ही म्हणत नाहीं. कारकुनानें अर्ज घेतला, वकिलानें मुदत घेतली, यंत्रणेनें आपल्या यादींत पाहिलें आणि वस्तु नसल्याचें कळविलें. प्रत्येकानें आपापलें काम रीतसर केलें. वीस दिवस एक म्हातारा पाणी कसें पीत असेल, हा प्रश्न कोणाच्याच कामाच्या वांटणींत बसत नव्हता.

आमच्या वडिलांना अखेरचीं सहा वर्षें हाच आजार होता. त्यामुळें ही बातमी आम्हीं घरांत मोठ्यानें वाचली तेव्हां बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. वडील शाळामास्तर. जन्मभर फळ्यावर ज्यांचें अक्षर मोत्यासारखें उमटलें त्यांची सही एके दिवशीं बँकेंत जुळेना. तेथून आरंभ झाला. पुढें सदऱ्याच्या गुंड्या लावतां येईनात. चहा बशींत ओतून पिण्याची त्यांची जुनी संवय. बशी ओठांशीं येईपर्यंत चहा सदऱ्यावर उतरलेला असे, आणि आई कांहीं न बोलतां पदरानें टिपीत असे. मग कप अर्धाच भरावयाचा असा घरांत नियम झाला. तो कोणी बोलून केला नाहीं. बाहेरच्या लोकांना वाटतें कीं कंपवात हा हातांचा रोग आहे. तो हातांपुरता राहत नाहीं. चालतां चालतां पाऊल जमिनीला खिळून बसतें, आणि उंबरठ्यापाशीं माणूस थबकून तसाच उभा राहतो. रात्रीं कुशीवर वळावयाचें तरी दुसऱ्याचा हात लागतो. घांस गिळणें जड जातें. चुकून श्वासनलिकेंत गेला तर छातीचा विकार जडतो. औषधें घड्याळाच्या कांट्याबरहुकूम द्यावीं लागतात. एक गोळी अर्धा तास चुकली कीं अंग लांकडासारखें ताठ. वडिलांच्या दिमतीला आई, सूनबाई, धाकटे बंधु आणि आम्ही अशीं चार माणसें होतीं. त्यांच्यावर आमची माया होती, आणि घरांत पंखा, गरम पाणी, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असें सर्व होतें. तरीही रात्र पुरत नसे.

तळोज्यांत हें काम कोणी केलें? तें इतर कैद्यांनीं केलें. स्वामींनीं तेथून आपल्या स्नेह्यांस पाठविलेल्या पत्रांत तसें लिहिलें आहे: खटल्यांतलाच एक सहआरोपी त्यांना न्याहारी व जेवण करण्यास मदत करी, दुसरा स्नानाच्या वेळीं हात देई, आणि कोठडींतले दोघे सोबती, जे अत्यंत गरीब घरचे होते, ते रात्रीचें जेवण, कपडे धुणें आणि दुखऱ्या गुडघ्यांना मालिश करणें एवढें सांभाळीत. तुरुंगाच्या भिंतींआड माणुसकी नसते असें कोणीं म्हणूं नये. ती होती; मात्र ती शासनाची नव्हती, बंद्यांची होती. तळोज्याच्या रुग्णालयांत आयुर्वेदाचे पदवीधर तेवढे आहेत, आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर नाहीं, अशी तक्रार त्या सुमारास उच्च न्यायालयापुढें वकिलांनीं मांडली होती. प्रत्येक कारागृहांत रुग्णालय किंवा आजारी बंद्यांसाठीं योग्य जागा असावी असें ब्रिटिशांच्या १८९४ सालच्या कारागृह कायद्यानें सांगून ठेवलें होतें. तळोज्याचें कारागृह २१२४ बंद्यांसाठीं बांधलेलें. एवढ्या वस्तीच्या गांवांत एखादा दवाखाना असतोच. पण आमच्या गांवच्या दवाखान्यांत गुण आला नाहीं तर आम्ही रिक्षा करून दुसरीकडे जातों. कैद्याला तें करतां येत नाहीं. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते, अधीक्षकाची मंजुरी लागते, वाहन लागतें, आणि बरोबर जाण्यासाठीं पोलिसांचा गार्ड लागतो. यांतलें एक चुकलें कीं रुग्णालयाची तारीख गेली.

स्वामींचा वैद्यकीय कारणासाठींचा तात्पुरत्या जामिनाचा अर्ज ऑक्टोबर २०२० मध्येंच नामंजूर झाला होता. नियमित जामिनाचा अर्ज विशेष न्यायालयानें २२ मार्च २०२१ रोजीं फेटाळला. २१ मे रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यांना दूरदृश्य यंत्रणेवरून पुढें बोलावलें, तेव्हां त्यांनीं जें सांगितलें त्याचा आशय असा कीं, आठ महिन्यांपूर्वीं मी येथें आलों तेव्हां स्वतःच्या हातानें जेवीत होतों, स्नान करीत होतों, चालत होतों, थोडेंफार लिहीत होतों. यांतली एकेक गोष्ट माझ्यापासून गेली आहे. सरकारी रुग्णालयांत जाण्यास त्यांनीं नकार दिला. तेथें जाण्यापेक्षां येथेंच मरण आलेलें बरें, नाहीं तर मला माझ्या माणसांत जाऊं द्यावें, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें २८ मे रोजीं न्यायालयाच्या आदेशानें त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत हलविलें. तेथें कोविडची लागण झाल्याचें निष्पन्न झालें. ४ जुलैला त्यांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलें, आणि ५ जुलै २०२१ रोजीं, ज्या दिवशीं त्यांच्या जामिनाची सुनावणी होती त्याच दिवशीं, रुग्णालयाच्या डॉक्टरनें न्यायालयास त्यांच्या निधनाची वार्ता सांगितली. वय चौऱ्याऐंशी. खटला तोंवर सुरूही झाला नव्हता.

आतां वाचकांनीं क्षणभर खटला, पक्ष, विचारसरणी हें सर्व बाजूस ठेवावें, आणि एका साध्या प्रश्नाचा आमच्याबरोबर विचार करावा. ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाहीं त्याला आपण 'कच्चा कैदी' म्हणतों. कच्च्या कैद्याला कोठडींत ठेवण्याचीं कारणें न्यायशास्त्रांत मोजकींच दिलीं आहेत: तो पळून जाईल, पुरावा बिघडवील, साक्षीदारांना धमकावील, किंवा पुन्हा तसलें कृत्य करील. त्याला शिक्षा व्हावी हें कारण त्यांत नाहीं, कारण शिक्षा अजून कोणीं ठोठावलेलीच नसते. मग ज्याला उंबरठा ओलांडतां येत नाहीं तो पळेल कोठें? येथें कोणी म्हणेल कीं, पुरावा बिघडविण्यास पाय लागत नाहींत. हें खरें आहे. पण ज्या खटल्यांतले संगणक, पुस्तकें, कागदपत्रें आधींच जप्तींत आहेत त्यांत बिघडविण्यासारखें काय उरतें याचें उत्तर कोणीं तरी द्यावयास हवें. तें न देतां कोठडी चालूं राहिली, म्हणजे मूळ कारण संपल्यावरही केवळ कुलूप लागलेलें आहे म्हणून तें लागलेलें राहिलें, असाच त्याचा अर्थ होतो.

कायद्यांत वाट नाहीं असेंही नाहीं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३७ व्या कलमांत आजारी किंवा अशक्त आरोपीला गंभीर गुन्ह्यांतही जामीन देण्याची मोकळीक होती. १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता अंमलांत आली तिच्या ४८० व्या कलमांत ती कायम आहे. अडथळा येतो तो खास कायद्यांचा. बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्याचें कलम ४३-ड म्हणतें कीं, आरोप सकृद्दर्शनीं खरा वाटण्यास वाजवी कारण असेल तर जामीन देऊं नये. सकृद्दर्शनीं म्हणजे पोलिसांच्या कागदांवरून. परंतु हा अडथळाही अभेद्य नाहीं, हें याच खटल्यांत, याच तळोज्याच्या एका बंद्याच्या बाबतींत दिसून आलें. तेलुगू कवि वरवरा राव यांना वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, २२ फेब्रुवारी २०२१ रोजीं, मुंबई उच्च न्यायालयानें प्रकृतीच्या कारणासाठीं सहा महिन्यांचा जामीन दिला. या वयांत आणि या प्रकृतींत त्यांना तळोज्यास परत पाठविणें म्हणजे त्यांचा जीव धोक्यांत घालणें होईल, आणि राज्यघटनेनें दिलेला जीविताचा हक्क खास कायद्याच्या कलमानें बुजत नाहीं, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. पुढें १० ऑगस्ट २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांचा जामीन कायम केला. म्हणजे स्वामींचा नियमित जामीन नामंजूर झाला त्याच्या बरोबर एक महिना आधीं ही वाट खुली झालेली होती. एकच कारागृह, एकच खटला, दोघेही ऐंशीच्या पुढचे; एकाला वाट सांपडली, दुसरा वाटेंतच राहिला. याला दैव म्हणावें तर दैवाच्या खात्यावर आपण फारच कांहीं टाकतों.

याच तुरुंगांतली चष्म्याची हकीकत पुष्कळांना स्मरत असेल. गौतम नवलखा यांचा चष्मा २०२० सालच्या नोव्हेंबरांत तेथें नाहींसा झाला. चष्म्यावांचून त्यांना जवळजवळ कांहींच दिसत नसे. घरच्यांनीं नवा पाठविला, तो कारागृहानें घेतला नाहीं असें कुटुंबीयांनीं सांगितलें. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीं तें ऐकून माणुसकी सर्वांत महत्त्वाची असल्याचें बजावलें, आणि तुरुंगाधिकाऱ्यांसाठीं एखादी कार्यशाळा घ्यावी असें सुचविलें. पुढें याच नवलखांना, सत्तरी गांठलेली आणि प्रकृति ढांसळलेली असल्यामुळें, सर्वोच्च न्यायालयानें १० नोव्हेंबर २०२२ रोजीं तुरुंगाऐवजीं घरांत स्थानबद्ध ठेवण्याचा आदेश दिला. त्यांना ठेवलें तें बेलापुरांत, आमच्याच नव्या मुंबईंत, एका वाचनालयाच्या इमारतींत. दारावर पोलिसांचा पहारा, येण्याजाण्यावर कॅमेऱ्याची नजर. त्यांचें काय झालें? ते पळाले नाहींत, आभाळ कोसळलें नाहीं. मात्र त्या पहाऱ्याचा खर्च त्यांच्याच माथीं मारण्यांत आला. यंत्रणेनें तो वाढत वाढत दीड कोटीच्या वर नेला, आणि मे २०२४ मध्यें जामिनाची वाट मोकळी करतांना सर्वोच्च न्यायालयानें त्यांपैकीं वीस लाख भरावयास सांगितलें. आजाऱ्याला तुरुंगाबाहेर सुरक्षित ठेवतां येतें हें या प्रयोगानें सिद्ध झालें. फक्त तें कोणाच्या ऐपतींत बसतें हा प्रश्न तेवढा उरला.

विदर्भांतली गोष्ट याहून कडू आहे. दिल्ली विद्यापीठांतले इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा हे लहानपणच्या पोलिओमुळें चाकाच्या खुर्चीला जखडलेले. शरीर नव्वद टक्के अपंग. मे २०१४ मध्यें अटक. मार्च २०१७ मध्यें गडचिरोलीच्या न्यायालयाकडून जन्मठेप. आणि मधला कांहीं काळ वगळतां मुक्काम नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहांत. २०२० च्या ऑगस्टांत त्यांची आई वारली; तिच्या आजारांत तिला पाहण्यास त्यांना सोडलें नाहीं. ५ मार्च २०२४ रोजीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांची निर्दोष मुक्तता केली, आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजीं, सुटकेनंतर सात महिन्यांनीं, हैदराबादेस त्यांचें निधन झालें, वय सत्तावन्न. त्यांच्या सहआरोपींपैकीं पांडू नरोटे हा गडचिरोलीकडचा तरुण आदिवासी ऑगस्ट २०२२ मध्येंच नागपुरांत कैदेंत असतां तापानें मेला होता. २०२४ चा निकाल लागला तेव्हां निर्दोष ठरलेल्यांच्या यादींत त्याचेंही नांव होतें.

आमच्या पिढीच्या वाचकांना येथें पुण्याच्या ससून रुग्णालयाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. मार्च १९२२ मध्यें गांधीजींना सहा वर्षांची सजा झाली आणि ते येरवड्यास गेले. जानेवारी १९२४ मध्यें त्यांच्या पोटांत दुखूं लागलें. सरकारनें त्यांना तांतडीनें ससूनमध्यें हलविलें, आणि १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्यानें त्यांचें आंत्रपुच्छ काढलें. शस्त्रक्रिया चालूं असतां विजेचे दिवे गेले आणि ती कंदिलाच्या उजेडांत पुरी करावी लागली, हें प्रसिद्धच आहे. ५ फेब्रुवारीला त्यांना बिनशर्त सोडलें. सजेचीं दोन वर्षेंही पुरीं झालेलीं नव्हतीं. यावरून परक्या सरकारचें अंतःकरण कोमल होतें असा निष्कर्ष कोणी काढूं लागला तर त्याला आम्ही त्याच पुण्यांतल्या आगाखान राजवाड्याकडे नेऊं. तेथें स्थानबद्ध असतांनाच २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं कस्तुरबा वारल्या. महिनेमहिने हृदयविकारानें त्या खंगत होत्या, सुटकेची मागणी देशभरून होत होती, आणि सरकार हललें नाहीं. त्यानंतर अडीच महिन्यांनीं, ६ मे रोजीं, आजारी गांधींना मात्र सोडलें. हेही आपल्या ताब्यांत असतां गेले तर काय होईल या धास्तीनें. सरकारची दया अशी असते. ती बंद्याच्या नाडीवर हात ठेवून ठरत नाहीं, बाहेरच्या गर्दीचा कानोसा घेऊन ठरते. ज्याच्यासाठीं बाहेर गर्दी नाहीं त्याचें काय, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो १९४४ इतकाच आजही उघडा आहे.

आमचे एक वकील स्नेही या जागीं आम्हांला नेहमीं अडवितात. ते म्हणतात, "उद्यां एखादा गुंड म्हातारा झाला म्हणून त्यालाही सोडाल काय?" प्रश्न रास्त आहे, आणि काल्पनिकही नाहीं. पासष्टी ओलांडलेल्या, अशक्त झालेल्या आणि चौदा वर्षें शिक्षा भोगलेल्या कैद्यांना मुदतीपूर्वीं सोडण्याचें धोरण महाराष्ट्र शासनानें २००६ मध्यें केलें होतें. त्याच धोरणाचा लाभ अरुण गवळी यानें मागितला. मुंबईच्या एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल २०१२ पासून तो जन्मठेप भोगीत होता. एप्रिल २०२४ मध्यें नागपूर खंडपीठानें तो लाभ देण्यास सांगितलें, जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें त्यानेंच जामीन दिला. ज्यांचें माणूस मारलें गेलें त्यांना हें ऐकून काय वाटलें असेल याची कल्पना आम्हांला करतां येते. त्यांचें म्हणणें ऐकल्यावांचून असा निर्णय होऊं नये असेंच आमचें मत आहे. वृद्धत्व हें कांहीं पुण्य नव्हे. म्हातारे लोकही क्रूर असतात, आणि कांहीं गुन्हे तर म्हातारपणींच होतात. परंतु वकीलसाहेबांच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें कीं, नियम माणसाच्या नांवावरून ठरवावयाचा नसून त्याच्या शरीरावरून ठरवावयाचा आहे. ज्याच्या हातांत अजून बळ आहे, ज्याच्या शब्दावर अजून चार माणसें धांवतात, तो अशक्त नव्हे. त्याचें वय कांहींही असो. आणि ज्याला स्वतःच्या हातानें पाणी पितां येत नाहीं त्याला न्यायाधीशानें ठोठावली त्याहून मोठी शिक्षा आपण देत असतों. न्यायाधीशानें स्वातंत्र्य काढून घेतलें होतें. औषधाची वेळ, गरम पाणी, रात्रीं कुशीवर वळविणारा हात हें त्याच्या निकालपत्रांत कोठेंही काढून घेतलेलें नसतें.

अशीं माणसें देशांत किती असतील? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षीं कारागृहांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ च्या अखेरीस देशांत ५,७३,२२० बंदी होते, त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे. म्हणजे चारांपैकीं तीन जणांवर अजून कांहींही शाबीत झालेलें नव्हतें. आम्हीं त्या कोष्टकांत म्हाताऱ्यांचा रकाना शोधला. वयाचे गट सांपडले ते असे: अठरा ते तीस, तीस ते पन्नास, आणि पन्नास व त्यापुढें. पुढें रकाना नाहीं. एक्कावन्नाव्या वर्षाचा धडधाकट ठेकेदार आणि पंचाऐंशी वर्षांचा अंथरुणाला खिळलेला आजोबा यांची गणती सरकार एकाच ओळींत करतें. मृत्यूंच्या कोष्टकांत मात्र 'आजार' आणि 'वार्धक्य' असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. जिवंतपणीं जें वय मोजलें जात नाहीं तें मेल्यावर मोजलें जातें.

अलीकडे थोडी हालचाल दिसते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें वृद्ध व असाध्य रोगानें ग्रासलेल्या कैद्यांसाठीं खास मोहीम काढली, आणि २०२५ मध्यें त्यांच्या सुटकेसाठीं स्वतःच सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. सरकारच्याच कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थेला न्यायालयांत जाऊन हें मागावें लागावें, यावरून खालच्या दारांची कुलुपें किती गंजलीं आहेत तें कळतें.

आमच्या आळींत एक आजीबाई राहतात. त्यांचे यजमान जन्मठेपेचे कैदी. तळोज्यांत नव्हेत, दूरच्या एका कारागृहांत. भावकींतल्या जमिनीच्या तंट्यांत हाणामारी झाली, एक माणूस मेला, त्यांत हे दोषी ठरले; गुन्हा झाला नाहीं असें आजीबाई कधींच म्हणत नाहींत. मेलेल्याची विधवाही याच गांवांत राहते. बाजारांत समोरासमोर आल्या तर दोघी मान खालीं घालून बाजूनें जातात. आतां यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे, एक बाजू लुळी आहे, आणि दुसऱ्या कैद्याच्या खांद्यावर हात टाकून ते भेटीच्या जाळीपर्यंत येतात. आजीबाईंना लिहितां येत नाहीं, म्हणून अर्ज लिहावयाचा झाला कीं त्या आमच्याकडे येतात. मागें एकदां अर्जाच्या उत्तरांत सुरक्षिततेचें कारण आलेलें होतें. त्यांना तें आम्हीं वाचून दाखविलें. त्यांनीं तें नीट ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "पलून जावाला पाय त पायजेल ना त्याला?" आम्हांला न्यायशास्त्राचीं चार पुस्तकें चाळून जें सांपडलें होतें तें एवढेंच होतें.

गेल्या आठवड्यांत त्या पुन्हा आल्या. जुना वैद्यकीय दाखला शिळा झाला, नवा लागेल, आणि त्यासाठीं नवा अर्ज लागेल असें त्यांना कोणीं तरी सांगितलें होतें. प्लॅस्टिकच्या पिशवींतून त्यांनीं कागदांची चळत काढली. घडीवर घडी पडून कांहीं कागद फाटावयास आले होते. "आजाराचं काय लिवायचं?" त्यांनीं विचारलें. मागच्या दाखल्यांत काय लिहिलें आहे तें पाहूं, असें म्हणून आम्हीं तो उजेडाकडे धरला. पक्षाघात, रक्तदाब, मधुमेह असें लिहून खालीं डॉक्टरनें शेरा मारला होता: प्रकृति स्थिर. आजीबाईंना त्याचा अर्थ विचारावयाचा होता, तो आम्हीं सांगितला. मग कोरा कागद घेऊन आम्हीं वर उजव्या कोपऱ्यांत तारीख घातली, आणि यजमानांचें पूर्ण नांव व वय विचारलें. वय त्यांना नक्की ठाऊक नव्हतें. अठ्ठ्याहत्तर असेल, एखादें वर्ष अधिकही असेल, असें म्हणाल्या. आम्हीं ७८ लिहिलें.